परवान्यापुरती इंजिनिअर

कुवेतमध्ये वातानुकूलनाची कामं घेणाऱ्या कंपनीला परवाना हवा असेल, तर तिच्याकडे एक मेकॅनिकल इंजिनिअर असावा लागतो. नुसता असून भागत नाही, तो इथल्या यादीत बसणाऱ्या कॉलेजातून शिकलेला असावा लागतो. माझा नवरा तसा शिकलेला नाही. मी आहे. एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या घरात जे रामायण घडलं ते मी लिहून ठेवते आहे, कारण तोंडाने सांगायला गेलं की लोक हसतात.

नवऱ्याला मी तोंडावर ‘अहो’ म्हणते आणि कागदावर ‘तो’ लिहिते. तेवढी सूट मी घेतली आहे. तर तो पुण्याजवळच्या एका खाजगी कॉलेजातून शिकला, फर्स्ट क्लासमध्ये. इथे नोकरीला आला, एसीच्या कामात मुरला, आणि मग एका कुवेती भागीदाराला घेऊन स्वतःची कंपनी काढली. गच्चीवरची मोठाली मशीनं बसवायची, थंड हवा खोल्यांत नेणारे पत्र्याचे डक्ट फिरवायचे, उन्हाळ्याआधी धूळ काढायची. इथे उन्हाळ्यात एसी बंद पडला तर माणसं घर सोडून हॉटेलात जातात, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. त्याची डिग्री कुठल्या कॉलेजची आहे हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

मग नियम कडक झाले. त्याचं कॉलेज यादीत नाही असं निघालं आणि त्याच्या कार्डावर ‘इंजिनिअर’च्या जागी ‘टेक्निशियन’ आलं. मंगफ भागातल्या आमच्या इमारतीत पाच मजले इंजिनिअरच राहतात, त्यामुळे लिफ्टमध्ये लोक त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागले. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं. काम त्याला येतं, हे मी कधीच नाकारणार नाही. पण कंपनीच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि इंजिनिअरशिवाय तो पुढे वाढवून मिळणार नव्हता.

“तुझी डिग्री कुठे आहे गं?” एका शुक्रवारी पोहे खाताना त्याने विचारलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न पहिल्यांदा आला. डिग्री माझ्या शालूखाली होती, बॅगेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. मिरजेत माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. पट्टा सुटला की तो पुलीवर चढवायला मी पुढे, कारण माझे हात बारीक होते आणि मला भीती वाटायची नाही. बारावीनंतर सगळे म्हणाले, मुलगी आहे, कॉम्प्युटरला घाला. वडील म्हणाले, तिला मशीन कळतं, मशीनच शिकू दे. अख्ख्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. पुढे पुण्यात एका एसी डिझाइनच्या ऑफिसात मी नोकरी केली. खोलीत भिंतीतून, काचेतून, माणसांच्या अंगातून किती उष्णता येते याचं गणित मांडायचं, आणि त्यावरून मशीन केवढं लावायचं ते ठरवायचं. याला हीट लोड म्हणतात. मला ते काम फार आवडायचं. मग लग्न झालं, मी इकडे आले नवऱ्याच्या आश्रित व्हिसावर, ज्यावर नोकरी करता येत नाही. मग मुलगी झाली. त्याच घरात बसून त्याच धंद्याच्या गप्पा मी ऐकल्या आणि चहा केला.

मी म्हटलं, “डिग्री देते. पण मग काम पण मी करणार. हीट लोड मी काढणार आणि साईटवर येणार. नुसत्या सहीपुरती मी बसणार नाही.”

“अगं हो, त्यात काय,” तो म्हणाला आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

त्या दिवशी मी इतकी खूश होते की दुपारी जुनी पुस्तकं काढून बसले. मुलगी, जी मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देते, दारात उभी राहून म्हणाली, “मॉम, यू आर स्मायलिंग.” म्हणजे एरवी मी कशी असते ते कळलं.

इंजिनिअरांची नोंदणी जिथे होते त्या कचेरीत आम्ही दोघं गेलो. सोबत कंपनीचा मंदूब होता. सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणारा माणूस म्हणजे मंदूब. प्रत्येक कंपनीला एक लागतोच, आणि आमचा केरळचा होता. काउंटरवर काळ्या पायघोळ अबायातली एक कुवेती बाई होती, माझ्याच वयाची. तिने माझी डिग्री डाव्या हाताला ठेवली, पासपोर्ट उजव्या हाताला, आणि बराच वेळ इकडून तिकडे पाहत राहिली.

“ही कोण?” तिने डिग्रीवर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं.

“मी.”

“आणि ही?” पासपोर्टवर बोट.

“मीच.”

“पहिलं नाव वेगळं. दुसरं वेगळं. आडनाव वेगळं. यात तुझं काय आहे?”

मी समजावून सांगितलं. डिग्रीवरचं माहेरचं नाव, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवरचं लग्नानंतरचं नाव, मधलं नाव नवऱ्याचं. ती गोंधळलीच. त्यांच्यात माणसाच्या नावामागे लागतं ते बापाचं नाव, आणि ते मरेपर्यंत हलत नाही. लग्न होवो, घटस्फोट होवो, बाई बापाचीच मुलगी राहते. इतकी वर्षं माझ्या कार्डावरून इथल्या प्रत्येक दवाखान्यात, बँकेत मला माझ्या नवऱ्याची मुलगी समजत आले होते, आणि मी दर वेळी हसून सोडून देत होते.

“नवऱ्याचं नाव घेतलंस, ठीक आहे, तुमच्याकडे घेत असतील,” ती म्हणाली. “पण तुझं स्वतःचं नाव? आईबापांनी ठेवलेलं? ते का बदललं?”

“आमच्याकडे रीत आहे.”

“तुला आवडत नव्हतं का ते?”

“आवडत होतं,” मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण नवऱ्याने माझ्या कोपराला हात लावला.

तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवून परत दिले. वाईट बोलली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर दया होती, आणि तीच मला जास्त लागली. हिच्या देशात बायकांवर काय काय बंधनं आहेत यावर आम्ही मराठी बायका भिशीच्या दिवशी तोंड सोडून बोलतो. तिने मात्र एका प्रश्नात मला गप्प केलं.

घरी येताना गाडीत मला ते ताट आठवत होतं. लग्नाच्या दिवशी, गृहप्रवेशानंतर, लक्ष्मीपूजनाला स्टीलच्या ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. नाव त्याने आणि सासूबाईंनी मिळून निवडलं होतं. मला ते ताटातच वाचायला मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, मी लाजले. हो, लाजले! चार वर्षं लेथ मशीनवर उभी राहिलेली मुलगी, तांदळात स्वतःचं नाव कोणीतरी लिहिताना बघून लाजली. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. महिन्याभरात पासपोर्टवर नवं नाव चढलं, कारण कुवेतचा व्हिसा काढायचा होता. डिग्रीकडे बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तिचं पुढे काही काम पडेल असं माझ्यासकट कोणालाच वाटलं नव्हतं.

आधी आम्ही प्रतिज्ञापत्र करून पाहिलं. ‘अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती आहे’ असं माझ्या नवऱ्याने शपथेवर लिहून दिलं. मी मीच आहे याची ग्वाही मी दिलेली पुरत नव्हती. कागद शिक्के मारून घेऊन गेलो. तेही चाललं नाही. नावं जुळली पाहिजेत, बस्स.

मंदूब म्हणाला, “मॅडम, नाम एक करो, खलास.”

एक करायचे दोन रस्ते होते. मी म्हटलं, पासपोर्टवर माझं जुनं नाव परत घेते. खरं सांगते, मला ते मनापासून हवं होतं. नवऱ्याने शांतपणे बोटांवर मोजत अडचणी सांगितल्या. माझा इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना त्या नावावर, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव ते, बँक, पुण्याचा फ्लॅट, सगळं ते. एक वीट काढली की भिंत खाली. आणि तेवढ्या वेळात परवाना गेला असता. त्याचं एकही वाक्य चूक नव्हतं. मुलगी म्हणाली, “मॉम, इट्स जस्ट अ पेपर.” मी तिलाच ओरडले.

मग ठरलं की डिग्री बदलायची. नाव बदलल्याचं राजपत्रात छापून आणायचं, ते विद्यापीठाला द्यायचं, आणि विद्यापीठ नव्या नावाने डिग्री देईल. फक्त जुनी मूळ प्रत त्यांच्याकडे जमा करावी लागेल. मला तिकडे जाणं शक्य नव्हतं, मुलीची बोर्डाची परीक्षा होती. मी अधिकारपत्र केलं आणि कुरिअरने सगळं मिरजेला पाठवलं, वडिलांकडे.

वडील आता थकले आहेत. गिरणी कधीच बंद झाली. तरी ते एसटीने गेले, खिडकीशी रांगेत उभे राहिले, एकदा कागद कमी पडला म्हणून परत आले आणि पुन्हा गेले. काम झालं त्या दिवशी त्यांचा फोन आला.

“झालं बघ तुझं काम,” ते म्हणाले. “नवीन मिळेल म्हणाले महिन्याभरात. जुनी घेतली त्यांनी ठेवून.”

“काय केलं हो तिचं?”

“शिक्का मारला मधोमध. रद्द म्हणून.” मग म्हणाले, “मी झेरॉक्स काढून ठेवलीय एक. तुझं-माझं नाव आहे ना तिच्यावर.”

मी फोन ठेवून मोरीत जाऊन रडले. त्यांनी माझ्यासाठी गिरणीत पीठ खाल्लं होतं, अक्षरशः, रात्रंदिवस नाकातोंडात पीठ. आणि त्यांच्याच हाताने त्यांचं नाव मी त्या खिडकीत देऊन यायला लावलं होतं. कशासाठी, तर परवान्यासाठी.

नवी डिग्री आली. माझं नवं नाव, मध्ये नवऱ्याचं नाव, पुढे त्याचं आडनाव. खाली उत्तीर्ण झाल्याचं साल तेच. त्या साली हा माणूस जगात कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. मी सबमिशनला जागत होते तेव्हा हा दुसऱ्या गावात त्या यादीत नसलेल्या कॉलेजात होता. आता कागदावर असं दिसतं की चारही वर्षं तो माझ्या नावात बसून पास झाला. हे मी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “तू प्रत्येक गोष्टीचा किती विचार करतेस!”

पुढचं सगळं सरळ झालं. त्या अबायावाल्या बाईने या वेळी दोन्ही कागद पाहिले, मान हलवली आणि काही न विचारता शिक्का मारला. तोंडी परीक्षा झाली. तीन इंजिनिअर समोर बसले होते. बाहेरची हवा किती घ्यायची, धुळीचं काय करायचं, पश्चिमेच्या भिंतीला काय धरायचं, सगळं विचारलं. मी उत्तरं देत गेले. एक शब्द अडला नाही. त्यातल्या वयस्कर गृहस्थांनी मला ‘मुहंदिसा’ म्हटलं, म्हणजे इंजिनिअर बाई. त्या खोलीतून बाहेर पडताना मी वीस वर्षांनी लहान झाले होते. माझा इकामा नवऱ्याच्या नावावरून निघून कंपनीच्या नावावर गेला, आणि परवाना, ज्याला इथे रुखसा म्हणतात, वाढवून मिळाला. अब्बासियातल्या भारतीय दुकानांतून मिठाई आली. मित्रमंडळींनी नवऱ्याचं अभिनंदन केलं. “वहिनींचा बरा उपयोग झाला,” असंही एकजण म्हणाला, आणि तो वाईट माणूस नाही.

मग मी साईटवर गेले. एका शाळेची नवी इमारत चालली होती. नवऱ्याने आढेवेढे घेतले, पण कबूल केलं होतं म्हणून नेलं. हेल्मेट डोक्यावर मोठं होत होतं. दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेला एक लांब खोली होती, आणि मी पाहते तो तिला अख्खी काच. ऑफिसात पाहिलेल्या नकाशात तिथे भिंत होती. भिंतीचा हीट लोड वेगळा, काचेचा वेगळा. इथल्या पश्चिमेच्या उन्हात तर जमीन-अस्मानाचा फरक. लावलेलं मशीन त्या खोलीला पुरणार नव्हतं, आणि दुपारी पोरं आत बसली असती ती भाजून निघाली असती. मी फोरमनला विचारलं, काच कधी ठरली? त्याने मला उत्तर दिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं.

“तू गाडीत बस,” नवरा म्हणाला. “ऊन लागेल. मी बघतो ते.”

मी गाडीत बसले. गाडीचा एसी मात्र छान चालू होता.

त्यानंतर साईटचा विषय निघाला की काही ना काही असायचं. ऊन आहे, वाळूचं वादळ आहे, माणसांना अवघडल्यासारखं होतं, मुलीचा क्लास आहे. हीट लोड? ते झालंय. कोणी केलं? केलंय गं. नकाशे घरी यायचे, जेवणाच्या टेबलावर, भाजी निवडायच्या जागी, आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली असायची. “इथे कर.” वाचायला मागितले तर “माणूस खाली थांबलाय.” कामापुरता मामा म्हणतात तशी मी परवान्यापुरती इंजिनिअर झाले होते. उंटावरून शेळ्या हाकायच्या असं आपण म्हणतो, तिथे मला उंटसुद्धा मिळाला नव्हता. मी सह्या केल्या. घर त्याच्यावर चालतं, हे मलाही कळतं.

शाळेचे शेवटचे नकाशे सहीला आले त्या दिवशी नवरा गडबडीत होता, म्हणून मला ऑफिसात बोलावलं. फहाहीलला छोटं ऑफिस आहे, भिंतीवर रुखसा फ्रेम करून लावलेला. तो दिसेल असा लावावाच लागतो. शाळेच्या मालकाकडून एक म्हातारे कुवेती गृहस्थ सह्यांचे नकाशे न्यायला आले होते. चहा पीत ते रुखसा वाचत होते. त्यावर अरबीत इंजिनिअरचं नाव आहे: माझं नाव, मग नवऱ्याचं.

“माशाअल्लाह,” ते नवऱ्याला म्हणाले. “मुलगी इंजिनिअर केलीस. तुझी मुलगी?”

नवऱ्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. समजावत बसायला वेळ नव्हता त्याला. “नाम, नाम,” तो हसून म्हणाला. अरबीत ‘नाम’ म्हणजे हो.

मी पेनाचं टोपण काढलं होतं ते परत लावलं.

“कर ना सही,” तो मराठीत म्हणाला.

“आधी त्यांना सांगा माझे वडील कोण ते.”

“आत्ता नाटक नको. माणूस बसलाय.”

“बसू दे. नाव सांगा. ज्यांनी मला इंजिनिअर केलं त्यांचं.”

तो माणूस दोघांकडे पाहत राहिला. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने मोडक्या अरबीत सांगितलं की ही माझी बायको आहे, आणि हिचे वडील... इथे तो अडला. सासऱ्यांना तो ‘बाबा’ म्हणतो. त्यांचं नाव त्याने आजवर तोंडाने घेतलं नसावं. शेवटी हळू आवाजात घेतलं. म्हाताऱ्याने ते जसं जमेल तसं म्हणून पाहिलं, आणि हात छातीला लावून मला म्हणाला, अल्लाह त्यांना आयुष्य देवो.

मी नकाशा उघडला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. चहा गार झाला. दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेला अजून भिंतच होती. मी लाल पेनाने तिच्यावर रेघ मारली, ‘काच’ लिहिलं, आणि बाजूला मशीन बदलायला हवं असं लिहिलं. नवऱ्याने म्हाताऱ्यासाठी पुन्हा चहा सांगितला. त्या रेघेचा विषय तो आजही काढत नाही.

मग सही केली. मला माझी, वडिलांचं नाव असलेली करायची होती. हात तिकडे वळलाही होता. पण परवान्यावर ती बाई नाही, म्हणून तांदळात लिहिलेल्या नावाने केली.